शापित राक्षस खेळाडूच्या हाती देताना: शाप, उःशाप आणि फासे

या पाठात काय आहे

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचा भूमिकांचा खेळ. एक जण सूत्रधार असतो. तो जग उभे करतो आणि अडचणी मांडतो. बाकीचे खेळाडू एकेक पात्र घेतात आणि ‘माझे पात्र आता असे करते’ असे सांगत कथा पुढे नेतात. काम जमले की फसले हे फासा ठरवतो. पात्र घेताना खेळाडू आधी त्याची प्रजाती निवडतो: मानव, एल्फ, बुटका ड्वार्फ वगैरे. या पाठात आपण एक नवी प्रजाती तयार करणार आहोत, आणि ती आहे शाप लागलेल्या पिशाचाची.

पाठ संपल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात:

- शत्रू म्हणून लिहिलेला राक्षस आणि खेळायला दिलेला राक्षस यांतला फरक सांगणे
- कथेतला शाप अवस्था आणि संक्रमणे यांच्या भाषेत मांडणे
- शापाच्या मर्यादेची किंमत संभाव्यतेने मोजणे
- उःशापाला किती बैठका लागतील याचा अंदाज काढणे

पूर्वज्ञान म्हणून पहिल्या वर्षाची संभाव्यता पुरेशी आहे. खेळ आधी खेळलेला असण्याची गरज नाही.

१. फाशाचा नियम, थोडक्यात

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियम सोपा आहे. वीस बाजूंचा फासा टाका, आलेल्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवा. बेरीज लक्ष्यांकाइतकी किंवा जास्त झाली तर काम जमले.

उदाहरणार्थ, लक्ष्यांक १२ आणि कौशल्य ३ असेल तर फाशावर किमान ९ पडायला हवेत. ९ ते २० हे बारा आकडे चालतात, म्हणून संभाव्यता १२/२०, म्हणजे ६० टक्के.

परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात, प्रतिकूल असेल तर लहान. प्रतिकूल स्थितीत दोन्ही फासे यशस्वी पडावे लागतात: ०.६ × ०.६ = ०.३६. अनुकूल स्थितीत दोन्ही फसले तरच अपयश येते: १ − ०.४ × ०.४ = ०.८४. हे तीन आकडे, ३६, ६० आणि ८४, लक्षात ठेवा. पुढे लागतील.

२. शत्रू आणि पात्र यांत फरक काय?

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात आपला ‘राक्षस’ आहे. त्याला वाघाचे डोके आहे, आणि चित्रात तो झोकात पाईप ओढताना दिसतो. तो फसवतो, माणसे खातो आणि शेवटी मारला जातो. शत्रू म्हणून एवढे पुरते. त्याला काल काय झाले आणि उद्या काय हवे आहे, हे कोणी विचारत नाही.

आपल्या महाकाव्यांतले राक्षस असे एकसाची नाहीत. बिभीषण राक्षस आहे. हिडिंबा राक्षसी आहे, आणि तिचा मुलगा घटोत्कच पांडवांकडून लढताना मरतो. राक्षसकुळात जन्मलेला प्रत्येक जण दुष्टच असतो, असे या कथा मानत नाहीत.

हा मुद्दा खेळापुरता नाही. ‘जन्मतःच गुन्हेगार’ ही कल्पना आपल्या देशात कायदा म्हणून राबवली गेली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मापासून शिक्का मारला. हा शिक्का अधिकृतपणे निघाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आज ज्यांना आपण विमुक्त म्हणतो, त्यांच्या नावातच ही सुटका आहे. म्हणून ‘ही प्रजाती स्वभावानेच दुष्ट’ असे एक वाक्य लिहून मोकळे होण्याआधी थांबावे. खेळाचे प्रकाशकही या बाबतीत बदलले आहेत. २०२४ च्या खेळाडू-पुस्तकात ‘रेस’ हा जुना शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला.

शापित राक्षस या प्रश्नाला एक वेगळी वाट काढून देतो. शाप जन्माने येत नाही. तो कोणीतरी, केव्हातरी, कशासाठी तरी दिलेला असतो, आणि आपल्या परंपरेत त्याला बहुधा शेवट असतो. तो शेवट सांगणारा नेमका शब्द मराठीत आहे: उःशाप.

३. चार शापित, चार शेवट

*कबंध.* वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात राम-लक्ष्मणांना डोके नसलेला राक्षस भेटतो. तोंड पोटात, एकच डोळा छातीवर, हात योजनभर लांब. मुळात हा दनू, देखणा पुरुष. ऋषींना घाबरवायला तो भयंकर रूप घ्यायचा. स्थूलशिरा ऋषींनी ‘हेच रूप तुला राहो’ असा शाप दिला. पुढे त्याने इंद्राशी झुंज घेतली, तेव्हा वज्राच्या घावाने डोके आणि मांड्या धडात शिरल्या. ‘आता खाऊ कसे?’ असे विचारल्यावर इंद्राने लांब हात आणि पोटात तोंड दिले. उःशाप असा: रामाने हात तोडून त्याला अग्नी द्यावा. तसे होईपर्यंत त्याचे दिव्य ज्ञानही झाकलेले असते. सीतेबद्दल विचारल्यावर तो सांगतो की आधी मला जाळा, मग सांगतो. चितेतून मूळ रूपात उठल्यावर तो सुग्रीवाशी मैत्री करायचा सल्ला देतो. ज्या पंपेची वाट तो दाखवतो, ती परंपरेने हंपीजवळ आनेगुंदीच्या बाजूला मानली जाते. बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीने जाता येईल इतकी जवळ.

*नहुष.* इंद्रपदावर बसून माजला, अगस्त्यांच्या शापाने अजगर झाला. महाभारताच्या वनपर्वात तो भीमाला विळखा घालतो. युधिष्ठिराने त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिल्यावर भीमही सुटतो आणि तोही.

*अश्वत्थामा.* त्याच्या शापाला उःशाप नाही, मुदत आहे: तीन हजार वर्षे एकट्याने भटकणे. लोककथेने ती मुदतही काढून टाकली. नंदुरबार जिल्ह्यात अस्तंभ्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याच्या नावाने यात्रा भरते, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत फिरतो असे सांगतात.

*काणभूती.* ‘कथासरित्सागर’ हा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेला ग्रंथ. त्याच्या सुरुवातीलाच काणभूती येतो. मूळचा हा कुबेराचा सेवक, यक्ष. एका राक्षसाशी मैत्री केली म्हणून कुबेराने त्याला विंध्यातला पिशाच केले. उःशाप असा: शापामुळे पृथ्वीवर आलेल्या एकाकडून महाकथा ऐकायची आणि तशाच दुसऱ्याला ती सांगायची. तो दुसरा म्हणजे गुणाढ्य, प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री. पैज हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या होत्या. म्हणून त्याने ही कथा पिशाचांच्या भाषेत लिहिली: सात कथा, सात लाख श्लोक. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य अरण्यात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवू लागला आणि वाचलेले पान अग्नीत टाकू लागला. राजाला चूक उमगेपर्यंत एक लाख श्लोकच उरले होते.

आपल्या कामाला काणभूतीच सर्वांत जवळचा. कथा ऐकून आणि सांगून ज्याचा शाप सुटतो, तो पिशाच कथा सांगण्याच्या खेळात बसवायला फारसे ओढूनताणून करावे लागत नाही.

४. शाप म्हणजे अवस्था-यंत्र

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना फायनाइट स्टेट मशीन माहीत असते: काही अवस्था, आणि कोणती घटना घडल्यावर कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जायचे याचे नियम. वरच्या कथा तशा लिहून पाहा.

- कबंध: दनू → (ऋषींचा शाप) भयंकर रूप → (वज्र) बिनडोक्याचा → (हात तुटणे) असहाय → (अग्नी) मुक्त
- नहुष: राजा → (शाप) अजगर → (योग्य उत्तरे) मुक्त
- काणभूती: यक्ष → (शाप) पिशाच → (ऐकणे) कथाधारी → (सांगणे) मुक्त

आता बेंगळुरूची एक गोष्ट. १९९० च्या दशकात इथे अफवा होती की रात्री एक भूत ओळखीच्या आवाजात दार वाजवते. लोकांनी दारांवर कन्नडमध्ये ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. भूत ते वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते आणि पुन्हा तेच वाचते. आज्ञाधारक भूत आणि न संपणारा लूप! दाराआड असलेल्याला हा नियम छान आहे. पण भुताची भूमिका खेळणाऱ्याचे काय? अंतिम अवस्था नसलेल्या यंत्रात त्याच्या एकाही निर्णयाने काही बदलत नाही.

वर्गात प्रजाती लिहायला सांगितली की बहुतेक विद्यार्थी आधी शक्तींची यादी करतात: उडता येते, अदृश्य होता येते, पंजे आहेत. मग ‘शापित’ हे विशेषण वर चिकटवतात. क्रम उलटा ठेवा. आधी उःशाप लिहा, मग शाप, मग शक्ती. उःशाप ठरला की खेळाडूला काय हवे आहे ते ठरते, आणि काय हवे आहे ते ठरले की पात्र चालू लागते.

उःशाप लिहिताना तीन कसोट्या लावा:

१. तो एकट्याने पुरा होऊ नये. कबंधाला राम लागतो, नहुषाला युधिष्ठिर. सोबत्यांना त्यात काम हवे.
२. तो मोजता यावा. ‘मन शुद्ध झाल्यावर’ हे मोजता येत नाही, ‘सात कथा’ मोजता येतात.
३. त्यात काहीतरी गमवावे लागावे. कबंधाचे शरीर जळते, तेव्हा तो सुटतो.

५. मर्यादेची किंमत कशी मोजायची?

शक्तीच्या बदल्यात मर्यादा, हा प्रजाती-रचनेतला नेहमीचा सौदा. पण मर्यादा खरोखर आड येते का ते तपासावे लागते. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात ‘ड्राव’ या भूमिगत एल्फांना उन्हात प्रतिकूलता आहे. सगळी मोहीम भुयारातच असेल तर या मर्यादेची किंमत शून्य.

हिशोब करू. यशाची मूळ संभाव्यता p असेल, तर प्रतिकूलतेने ती p² होते. तोटा p − p² = p(1 − p). अनुकूलतेने ती 1 − (1 − p)² होते. हा फायदाही सोडवल्यावर p(1 − p) इतकाच येतो. आपल्या उदाहरणात दोन्ही ०.२४: ६० वरून खाली ३६, वर ८४.

चारांपैकी एक प्रसंग उन्हात घडत असेल तर सरासरी यश ०.७५ × ०.६० + ०.२५ × ०.३६ = ०.५४. तोटा ६ टक्के. फाशाचा एक आकडा ५ टक्क्यांचा, म्हणजे ही मर्यादा साधारण ‘वजा एक’ इतकीच आहे. अर्धे प्रसंग उन्हात असतील तर तोटा १२ टक्के, म्हणजे वजा दोनहून थोडा जास्त.

यातून एक उपयोगी निष्कर्ष मिळतो. दिवसा प्रतिकूल आणि रात्री अनुकूल अशी जोडी दिली, दोन्ही वेळचे प्रसंग सारखेच असले आणि कामांची अवघडता सारखी असली, तर फायदा-तोटा आपोआप बरोबर होतो. कथासरित्सागरातल्या पिशाचांचे बळ रात्रीचेच असते, दिवसा ते निष्प्रभ असतात. कथेतला नियम गणितातही बसतो.

६. नमुना प्रजाती: काणभूतीचे कुळ

*शापाचे कारण.* ज्याच्याशी बोलू नये असे सांगितले होते, त्याच्याशी तुम्ही मैत्री केलीत. कोणाशी, आणि कोणी शाप दिला, हे खेळाडूने तीन वाक्यांत लिहावे.

*आकार आणि वेग.* माणसाएवढा, एका फेरीत ३० फूट.

*पहिली जोडी: रात्र आणि दिवस.* अंधारात ६० फुटांपर्यंत दिसते. रात्री निरीक्षणाच्या आणि हल्ल्याच्या फाशांना अनुकूलता, उन्हात त्याच फाशांना प्रतिकूलता.

*दुसरी जोडी: पशू आणि माणसे.* दिवसातून एकदा कोणताही पशू दहा मिनिटे तुमचे ऐकून घेतो, आणि त्याचे तुम्हाला कळते. अनोळखी माणसांचे मन वळवण्याच्या प्रत्येक फाशाला प्रतिकूलता.

*उःशाप.* सात कथा. प्रत्येक कथा एका माणसाकडून ऐकायची आणि दुसऱ्या अनोळखी माणसाला सांगायची. ऐकणारा शेवटपर्यंत थांबला तर एक खूण करा. तो थांबतो का हे फासा ठरवतो: लक्ष्यांक १५. तो माणूस घाबरलेला असल्याने फासा प्रतिकूल. मात्र एखादा सोबती ‘हा माझा माणूस आहे’ म्हणून शेजारी उभा राहिला तर प्रतिकूलता रद्द.

*अवस्था.* चार खुणा झाल्या की पहिली जोडी पूर्ण जाते, बळ आणि जडपणा दोन्ही. सात झाल्या की दुसरी जोडीही जाते.

*मुक्ती.* सुटताना झाकलेले ज्ञान उघडते. पात्र सोबत्यांच्या एका प्रश्नाचे खरे उत्तर देते, आणि सूत्रधाराला ते खरे मानावे लागते. ही कल्पना कबंधाकडून घेतली आहे. त्यानंतर पात्र यक्ष होऊन निघून जाते, किंवा खेळाडूची इच्छा असेल तर साधा माणूस म्हणून राहते.

शक्ती आणि मर्यादा जोडीने दिल्या आहेत याकडे लक्ष द्या. इंद्राने कबंधाला दिलेले हात ही देणगीही होती आणि विद्रूपताही. एक ठेवून दुसरी टाकता येत नाही.

७. उःशापाला किती दिवस?

एका बैठकीत एकच प्रयत्न आणि कौशल्य ३ धरू. लक्ष्यांक १५ साठी फाशावर किमान १२ हवेत, म्हणजे नऊ आकडे: p = ०.४५. सात यशांसाठी अपेक्षित प्रयत्न ७/p.

- सोबती शेजारी असेल तर: ७/०.४५ ≈ १५.६, म्हणजे सुमारे १६ बैठका
- एकटे असाल तर: p = ०.४५² = ०.२०२५, ७/०.२०२५ ≈ ३४.६, म्हणजे सुमारे ३५ बैठका

आठवड्याला एक बैठक धरली तर सोबतीने साधारण एक सेमिस्टर, एकट्याने दोनहून जास्त. मैत्रीपायी लागलेला शाप मैत्रीनेच निम्म्याहून कमी वेळात सुटतो. ‘सोबत्यांनी मदत करावी’ असा उपदेश नियमपुस्तकात लिहायची गरज उरत नाही, आकडेच ते सांगतात.

सरासरीवर विसंबू नका. प्रमाण विचलन √(७ × ०.५५)/०.४५ ≈ ४.४ येते, म्हणजे सोबत असूनही ११ ते २० बैठका सहज लागू शकतात. मोहीम दहाच बैठकांची असेल तर सात ऐवजी चार कथा ठेवा.

८. टेबलावरची पथ्ये

शाप म्हणून खरा आजार, अपंगत्व किंवा जात वापरू नका. तुमच्या टेबलावर बसलेल्या कोणासाठी ती रोजची गोष्ट असू शकते. शापाचे स्वरूप खेळ सुरू होण्याआधी सर्वांना सांगा. ‘लोक तुला घाबरतात’ हा प्रसंग खेळाडूला नकोसा झाला तर तो लगेच आवरता घ्या. आणि उःशाप खेळाडूपासून लपवू नका. पात्राला तो माहीत नसला तरी चालेल, खेळाडूला माहीत हवा.

तुमची प्रजाती प्रसिद्ध करायची असेल तर एक सोय आहे. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-परवान्याखाली खुले आहेत. योग्य श्रेय देऊन त्यांवर आधारित साहित्य मराठीतही छापता येते. काणभूती तर कोणाच्याच मालकीचा नाही.

सारांश

शत्रू राक्षसाला शक्ती पुरतात, खेळायच्या राक्षसाला उःशाप लागतो. उःशाप मोजता येणारा, सोबत्यांना गुंतवणारा आणि काहीतरी मागणारा असावा. शक्ती आणि मर्यादा एकाच कारणातून जोडीने द्याव्यात. आणि लिहिलेला प्रत्येक नियम किती वेळा लागू पडेल, ते मोजून पाहावे.

स्वाध्याय

१. नहुषाचे कुळ ही प्रजाती लिहा. उःशाप प्रश्नोत्तरांचा आहे. प्रश्न कोण विचारेल: पात्र की सूत्रधार? कारण द्या.
२. p = ०.५ असताना p(1 − p) ची किंमत सर्वाधिक असते हे दाखवा. फार सोप्या आणि फार अवघड कामांत अनुकूलतेचा उपयोग कमी का, ते यावरून सांगा.
३. ‘नाळे बा’ च्या भुताला एक अंतिम अवस्था द्या. दारावरचा मजकूर न बदलता ते सुटले पाहिजे.
४. अश्वत्थाम्याला उःशाप नाही. तरीही त्याला खेळता येण्याजोगे पात्र करता येईल का? अवस्था-यंत्र काढून बाजू मांडा.
५. सहा खुणा झालेल्या खेळाडूने सातवी कथा सांगायला नकार दिला. त्याला आता पशूंची सोबत सोडवत नाही. सूत्रधार म्हणून तुम्ही काय कराल? नियम बदलायचा नाही, या अटीवर उत्तर लिहा.